फ्रेंचचा अँपार्फे शिकताना इंग्रजीचा वळसा कशाला?

सातरस्ता

नमस्कार मंडळी,

मी सोलापुरात फ्रेंच शिकवते. माझ्याकडे शाळेत फ्रेंच घेतलेली मुलं येतात, तशीच पुण्याला जाऊन डेल्फ ही फ्रेंचची परीक्षा देणारी मोठी माणसंही येतात. ए-टूच्या, म्हणजे तिच्या दुसऱ्या पातळीवर आलं की दोघंही एकाच जागी अडतात, ती जागा म्हणजे अँपार्फे, 'करत होतो, करायचो' सांगणारा फ्रेंचचा भूतकाळ. तक्ता तोंडपाठ असतो. पण 'लहानपणीच्या सुट्टीबद्दल लिहा' म्हटलं की अर्धी वाक्यं पासे कोंपोझेत, म्हणजे 'केलं, आलो' सांगणाऱ्या दुसऱ्या भूतकाळात जातात, अर्धी अँपार्फेत, आणि कुठे काय का वापरलं हे सांगता येत नाही.

माझं स्पष्ट मत आहे की यात फ्रेंचचा काही दोष नाही. मुलं मराठीत विचार करतात, तो इंग्रजीत नेतात आणि तिथून फ्रेंचमध्ये आणतात. 'आजोबा गिरणीत काम करायचे' आणि 'आजोबांनी त्या रविवारीही काम केलं' यांतला फरक मराठी कानाला लगेच कळतो. इंग्रजीत दोन्हीकडे 'वर्क्ड' चालून जातं. म्हणजे घरून घेऊन निघालेला फरक वाटेतच सांडतो, आणि फ्रेंच नेमका तोच मागते. पहिल्या वाक्याला 'त्रावायॅ', दुसऱ्याला 'आ त्रावाये'.

म्हणून मी वर्गात हा धडा घेताना फळ्यावर इंग्रजी लिहितच नाही. करत होतो, करायचो, करत असे, होतं, दिसत होतं यांपैकी काही मनात आलं की अँपार्फे. केलं, आलो, पडलं, ठरवलं असं आलं की पासे कोंपोझे. शाळेत आपण अपूर्ण भूतकाळ आणि रीतिभूतकाळ असे दोन वेगळे काळ शिकलो. फ्रेंचने ते दोन्ही एकाच रूपात बसवले आहेत, शिवाय 'घर मोठं होतं, अंगण होतं' असलं वर्णनही त्यातच.

रूपांचं आधी उरकते. इथे सगळं देवनागरीत लिहितेय. ॅ दिसला की 'ए' जरा तोंड उघडून म्हणायचा, 'बॅट'इतका नाही. स्पेलिंगबद्दल बोलायचं असेल तिथे अक्षरांची नावं घेईन.

वर्तमानकाळातलं 'नू'चं, म्हणजे 'आम्ही'चं रूप घ्या आणि शेवटचं ओ-एन-एस काढा. 'पार्ले' म्हणजे बोलणे, नू पार्लों, उरलं पार्ल. 'फिनिर' म्हणजे संपवणे, नू फिनिसों, उरलं फिनिस. 'वाँद्र' म्हणजे विकणे, नू वाँदों, उरलं वाँद. आता प्रत्यय लावा: झ (मी) आणि त्युला (तू) ए-आय-एस, इल-एल-ऑनला (तो, ती, आपण) ए-आय-टी, नूला आय-ओ-एन-एस, वूला (तुम्ही) आय-ई-झेड, आणि अनेकवचनी इल-एलला (ते, त्या) ए-आय-ई-एन-टी. म्हणताना होतं: झ पार्लॅ, त्यु पार्लॅ, इल पार्लॅ, नू पार्लियों, वू पार्लिए, इल पार्लॅ. सहापैकी चार रूपं कानाला एकच. तिन्ही गटांना प्रत्यय तेच, आणि ज्यांना पुस्तक अनियमित म्हणतं तीही इथे याच रांगेत उभी राहतात. एकट्या 'एत्र'चं, म्हणजे असणेचं, मूळ वेगळं, कारण त्याचं नूचं रूप 'सॉम', त्यात ओ-एन-एसच नाही. त्याचं होतं 'झेतॅ', 'नूझेतियों'.

अडचणी इथे लिहा. उदाहरणं शक्यतो आपल्या गावातली, आपल्या घरातली घ्या, म्हणजे मराठी वाक्य आधी खरं असेल.

अकरावी_कला

ताई, 'माँझे'चं, म्हणजे खाणेचं, काय? नू माँझों लिहिताना जीनंतर ई येतो, मग ओ-एन-एस. म्हणजे मूळ ई-सकट झालं. मग आमच्या पुस्तकात 'झ माँझॅ'ला ई आहे आणि 'नू माँझियों'ला नाही, असं का? आम्हाला अपवाद म्हणून पाठ करायला सांगितलंय.

सातरस्ता

पाठ करू नकोस, उच्चारातून बघ. जी हे अक्षर ए, ओ, यू यांच्या आधी आलं की 'ग' होतं, ई आणि आयच्या आधी आलं की 'झ'. प्रत्यय ए-आय-एस म्हणजे ए-ने सुरू होतो, तिथे 'झ' टिकवायचा तर मध्ये ई लागणारच, नाहीतर ते 'माँगॅ' होईल. आय-ओ-एन-एस आणि आय-ई-झेडमध्ये आय आधीच आहे, मग तो ई राहून काय करणार? 'कोमाँसे' म्हणजे सुरू करणे, त्याचंही तसंच. ए-च्या आधी सीला खाली शेपटी, आयच्या आधी शेपटी नाही.

आणि 'एत्युदिए'कडे लक्ष दे. अभ्यास करणे. मूळच आयने संपतं, प्रत्ययही आयने सुरू होतो, म्हणून नू आणि वूच्या रूपांत दोन आय शेजारी-शेजारी येतात. मुलांना ते चुकल्यासारखं वाटतं आणि ती एक आय खोडतात. खोडायचा नाही. खोडलास तर वर्तमानकाळ होतो.

अकरावी_कला

आलं लक्षात! म्हणजे 'आपले' (बोलावणे) या क्रियापदालासुद्धा नूच्या रूपात एकच एल, म्हणून अँपार्फेत सगळीकडे एकच एल?

सातरस्ता

अगदी बरोबर. वर्तमानकाळात 'झापॅल'ला दोन एल लिहायचे हे लक्षात ठेवायला जेवढा त्रास होतो तेवढा इथे काहीच नाही.

कडक_भाकरी

लिहिताना जमतं हो, पण ऐकताना? मी पुण्याच्या केंद्रावर ए-टू दिली. सकाळच्या हुतात्मा एक्सप्रेसने जाऊन दुपारी पेपर. लिहिणं आणि वाचणं ठीक होतं, पण ऐकण्याच्या भागात 'पार्ले' ऐकलं की 'पार्लॅ' हेच कळेना. दोन्ही एकच वाटतं.

लियाँतून

कडक_भाकरी, ते फ्रान्समध्येही सगळीकडे वेगळं ऐकू येत नाही. दक्षिणेकडचे बरेच लोक शेवटचे हे दोन्ही 'ए' सारखेच म्हणतात. म्हणून क्रियापदाच्या शेपटाकडे कान लावायचा नाही, तोंडाकडे लावायचा. 'झे पार्ले' म्हणजे मी बोललो. 'झ पार्लॅ' म्हणजे मी बोलत होतो, बोलायचो. पहिल्यात सुरुवातीला स्पष्ट 'झे' आहे, दुसऱ्यात ओझरता 'झ'. तो एक 'ए' ऐकू आला की निर्णय झाला. तसंच 'इला पार्ले' आणि 'इल पार्लॅ', मधला 'आ' पकडायचा. शेवटाकडे लक्ष दिलं तर तोवर पुढचं वाक्य सुरू झालेलं असतं.

मी मूळचा जुळे सोलापूरचा, सध्या लियाँला नोकरीला आहे. इथे रोज कानावर पडणारे अँपार्फेचे दोन वापर सांगतो, जे पुस्तकात फार उशिरा येतात. दुकानात, ऑफिसात, डॉक्टरकडे: 'झ वूलॅ वू दमाँदे...' म्हणजे शब्दशः 'मला तुम्हाला विचारायचं होतं'. आता विचारतोय, पण 'होतं' लावलं की मऊ होतं. मराठीत हेच करतो ना आपण? 'साहेब, एक विचारायचं होतं.' इंग्रजीतून शिकवताना याला वेगळा नियम म्हणून सांगतात, मराठी माणसाला नियमाची गरजच नाही.

दुसरा, 'सि ओनालॅ...?' म्हणजे 'आपण गेलो तर?' मित्राला 'गड्ड्याच्या जत्रेला गेलो तर?' म्हणतो तसंच. पुढची गोष्ट सुचवतोय, रूप भूतकाळाचं. फ्रेंचमध्येही तेच. फक्त आपण तिथे 'गेलो' म्हणतो आणि ते अँपार्फे म्हणतात, एवढं लक्षात ठेवायचं.

पूर्वभाग

छान धागा. आमच्या घरात तेलुगू आणि बाहेर मराठी. 'करायचो'सारखं रूप तेलुगूतही वेगळं आहे. पुस्तकी तेलुगूत 'वेळ्ळेवाडु' म्हणजे तो जायचा. त्यामुळे माझ्या मुलीला ताईंचं म्हणणं आणखी सोपं गेलं, तिच्याकडे दोन भाषांतून तोच फरक आलाय. सोलापुरातल्या मुलांनी तर हे जमवायलाच पाहिजे. आपल्या गल्लीत तीन-चार भाषा ऐकतच मोठे होतो आपण.

आणि बोलीतला 'जेवायलो होतो' विसरू नका. शाळेत 'जेवत होतो' लिहितो, पण घरी 'मी जेवायलो होतो, तेवढ्यात लाईट गेली' म्हणतो. 'जेवायलो होतो' अँपार्फे, 'गेली' पासे कोंपोझे. मुलीला मी असंच सांगतो आणि तिला पटकन कळतं.

विजापूर_रोड

मला मात्र एका बाबतीत हरकत घ्यायची आहे. 'मराठीतून या' हे बऱ्याच अंशी खरं, पण पूर्ण नाही. उदाहरण घ्या: 'मी दहा वर्षं पुण्यात राहत होतो.' अगदी रोजचं मराठी वाक्य. ताईंच्या नियमाने 'राहत होतो' म्हणजे अँपार्फे, म्हणजे 'झाबितॅ'. पण फ्रेंचमध्ये 'पाँदाँ दिझाँ', म्हणजे 'दहा वर्षं', आलं की 'झे आबिते' म्हणावं लागतं. इथे मराठीच मुलांना चुकवते. मग विद्यार्थ्यांना नेमकं सांगायचं काय?

सातरस्ता

हरकत योग्य आहे, आणि ही जागा खरंच अवघड आहे. मराठी थोडी सैल आहे इथे. मुदत बंद झालेली असली तरी आपण 'राहत होतो' म्हणून टाकतो. फ्रेंच विचारते की त्या काळाला दोन्ही टोकं बांधली आहेत का. दहा वर्षं, सुरू झाली आणि संपली. बांधलेला काळ म्हणजे पासे कोंपोझे, मग तो दहा वर्षांचा असो की शंभर वर्षांचा. लांबी बघायची नाही.

पण यालाही मराठीतच कसोटी आहे. वाक्यातलं 'राहत होतो' काढून 'राहिलो' घाला आणि वाचा. 'मी दहा वर्षं पुण्यात राहिलो.' चाललं ना? अर्थ बदलला नाही, मग पासे कोंपोझे. आता दुसरं घ्या: 'मी पुण्यात राहत होतो तेव्हा आमची ओळख झाली.' तिथे 'राहिलो' घाला. 'मी पुण्यात राहिलो तेव्हा आमची ओळख झाली.' कानाला खटकतं, किंवा अर्थच वेगळा होतो. मग अँपार्फे.

आणखी एक: 'तासभर वाट बघत होतो, तेव्हा कुठे बस आली.' इथेही तासभर आहे, म्हणून मुलं पासे कोंपोझे लावतात. पण बस आली त्या क्षणी वाट बघणं चालूच होतं. 'बस आली तेव्हा मी तासभर वाट बघितली' असं कुणी म्हणणार नाही. म्हणून 'झाताँदॅ दप्वी युनर'. 'पाँदाँ'ने काळ बांधला जातो, 'दप्वी'ने तो त्या क्षणापर्यंत चालत येतो.

विजापूर_रोड

ही 'राहिलो' घालून बघायची कसोटी आवडली. माझ्या बॅचला देतो. खुणेच्या शब्दांची यादी देऊन मी थकलो होतो: 'सूवाँ' (बरेचदा) आलं की अँपार्फे, 'ईयेर' (काल) आलं की पासे कोंपोझे वगैरे.

सातरस्ता

त्या याद्यांवर भिस्त ठेवू नये हे माझं ठाम मत आहे. 'तूझूर' म्हणजे नेहमी, ते यादीत अँपार्फेच्या खाली असतं. पण 'झे तूझूर एमे' हे अस्सल फ्रेंच वाक्य आहे, 'मला कायमच आवडत आलंय'. आणि 'ईयेर, इल प्लवॅ' म्हणजे काल पाऊस पडत होता, तेही बरोबर. कालच्या दिवशी काय घडलं हे सांगतोय की कालचा दिवस कसा होता हे सांगतोय, यावर ठरतं. शब्द बघून काळ निवडायची सवय लागली की मूल अर्थाकडे बघायचंच सोडून देतं, आणि मला त्याची काळजी वाटते.

कडक_भाकरी

एक जुनी शंका. कानाला एकच 'लॅ', मग ए-आय-एस, ए-आय-टी, ए-आय-ई-एन-टी असे तीन प्रकार लिहायचे कशाला? आणि ए-आय मिळून 'ए' का?

लियाँतून

लिहिण्यावरून कर्ता कळतो, तेवढा उपयोग आहे. शिवाय पुढे स्वर आला की तो टी कधीकधी ऐकू येतो. ए-आय मात्र तुलनेने नवीन आहे. पूर्वी इथे ओ-आय लिहायचे, ओ-आय-एस, ओ-आय-टी असं. उच्चार कधीच बदलला होता, लिखाण मागे राहिलं होतं. लेखक व्होल्तेरने ए-आय लिहावं म्हणून आग्रह धरला, आणि फ्रेंच अकादमीने ते आपल्या कोशात घेतलं ते 1835 च्या आवृत्तीत. जुनी छापील पुस्तकं चाळलीत तर ओ-आयवाली रूपं दिसतील, घाबरू नका. 'फ्राँस्वा' हे नाव आणि 'फ्राँसॅ' हा शब्द मुळात एकच, एकाचा 'वा' राहिला, दुसऱ्याचा 'ए' झाला.

सोलापूरकरांसाठी आणखी एक सांगायचंय. लियाँ हे रेशीम विणणाऱ्यांचं गाव. त्या विणकरांना 'कान्यु' म्हणतात. आपल्या चादरीवरची नक्षी ज्या जकार्ड मागावर निघते, त्याला ज्याचं नाव आहे तो जकार्ड लियाँचाच माणूस. क्र्वा-रूसच्या टेकडीवर जुनी घरं आहेत, त्यांची छतं खूप उंच आहेत, कारण जकार्डचा माग उंच असायचा. तिथे फिरताना मी मनात वाक्यं जुळवतो, ती तुम्हाला देतो, सगळी साध्या 'पार्ले'च्या गटातली:

ले कान्यु आबितॅ आ ला क्र्वा-रूस. इल तिसॅ ला स्वा. इल त्रावायॅ दु मातँ ओ स्वार.

कान्यु क्र्वा-रूसला राहायचे. रेशीम विणायचे. सकाळपासून रात्रीपर्यंत काम करायचे. तिन्ही क्रियापदं अँपार्फेत, कितीही वाक्यं वाढवा, गोष्ट जागची हलत नाही. मग येतं: 'आँ 1831, इल स सों रेवोल्ते.' 1831 मध्ये त्यांनी उठाव केला. तिथे पासे कोंपोझे, आणि तिथून गोष्ट पुढे सरकते. विणलेल्या मालाला किमान दर ठरवून मिळावा, हे त्यांचं मागणं होतं. यंत्रमागावर काम करणाऱ्या घरातल्या कुणालाही ते समजावून सांगावं लागणार नाही.

पूर्वभाग

'तिसे' म्हणजे विणणे! आमच्या घरचं क्रियापद. मुलीला आजच देतो. नू तिसों, मूळ तिस, 'मों पॅर तिसॅ', माझे वडील विणायचे. बरोबर?

लियाँतून

बरोबर. आणि ते टॉवेल विकत असतील तर 'इल वाँदॅ दे सेर्व्हिएत'.

अकरावी_कला

ताई, मी एक उतारा लिहिलाय. परीक्षेत लेखनाला 45 मिनिटं आणि 25 गुण आहेत, त्यात एक प्रश्न अनुभव सांगण्याचा असतो म्हणून. आजोबा गिरणीत होते. माहिती आजीकडून घेतली. तपासाल का?

मों ग्राँपॅर त्रावायॅ दाँझ्युन फिलात्युर आ सोलापुर. शाक मातँ, ला सिरॅन सोनॅ. मा ग्राँमॅर प्रेपारॅ ले भाकरी ए राँप्लिसॅ ला ब्वात. ल स्वार, मों पॅर ए मा ताँत आताँदॅ दवाँ ला पोर्त. इल त्रावायॅ पाँदाँ त्राँताँ. अँ झूर, ल्युझीन आ फेर्मे. तू ल मोंद प्लरॅ.

सातरस्ता

फार चांगला उतारा. भोंगा वाजायचा, आजी भाकरी करायची, डबा भरायची, संध्याकाळी बाबा आणि आत्या दारात वाट बघायचे. तिन्ही गट आले, 'राँप्लिर'मधला दुहेरी एस न चुकता आला. हा एस मुलं हमखास गाळतात. 'फिनिर', 'श्वाझिर', 'राँप्लिर' या सगळ्यांत तो नूच्या रूपातून येतो.

एक दुरुस्ती. 'इल त्रावायॅ पाँदाँ त्राँताँ'ला वरची कसोटी लाव. आजोबांनी तीस वर्षं काम केलं. मुदत बांधलेली आहे, म्हणून 'इला त्रावाये पाँदाँ त्राँताँ'. तुझ्या पहिल्या वाक्यात तेच क्रियापद अँपार्फेत आहे आणि तेही बरोबर आहे, कारण तिथे मुदत नाही, आजोबांचं रोजचं आयुष्य आहे. परीक्षकाला एकाच उताऱ्यात ही दोन्ही रूपं बरोबर जागी दिसली की काळ समजलाय हे त्याला वेगळं सांगावं लागत नाही.

'ल्युझीन आ फेर्मे' बरोबर. गिरणी बंद पडली. एकदाच घडलं.

शेवटचं वाक्य दोन्ही प्रकारे चालेल, पण अर्थ वेगळा. 'तू ल मोंद प्लरॅ' म्हणजे सगळे रडत होते, त्या दिवशी घरात काय चाललं होतं ते दाखवतोस. 'तू ल मोंदा प्लरे' म्हणजे गिरणी बंद पडली आणि सगळे रडले, एकामागून एक घडलेलं. आजी काय म्हणाली होती?

अकरावी_कला

'सगळे रडत होते' म्हणाली. तसंच ठेवतो. पण मी शेवटी ए-आय-ई-एन-टी लिहिलंय, सगळे म्हणजे अनेकवचन ना?

सातरस्ता

मराठीत अनेकवचन. फ्रेंचमध्ये 'तू ल मोंद' एकवचनी आहे, म्हणून ए-आय-टी. ऐकताना फरक पडणार नाही, पण लिखाणात गुण जाईल. तेवढं बदल आणि 'आताँदॅ'ला मात्र ए-आय-ई-एन-टीच ठेव, तिथे बाबा आणि आत्या दोघं आहेत.